मानाची फेरी

तांबडगिरीत डबकं साचलं, आणि ते बघायला गर्दी जमली.

यात हसण्यासारखं काही नाही. गावातले रस्ते एकेक करत पाणी पिणाऱ्या काँक्रीटचे झाले, तेव्हापासून तिथं डबकं असं कुणी पाहिलंच नव्हतं. पाऊस रस्त्यावर पडायचा आणि रस्त्यातच नाहीसा व्हायचा. बाजारातल्या गमबूटवाल्यानं कधीच मोबाइलची कव्हरं विकायला घेतली होती. बालवाडीतल्या पोरांना डबकं फक्त बेडकाच्या चित्रात ठाऊक होतं. त्यामुळे भाद्रपदातल्या एका सकाळी चढाच्या गल्लीच्या अगदी तळाला, वळणापाशी, परातीएवढं पाणी साचलेलं दिसलं तेव्हा आया पोरांना कडेवर घेऊन दाखवायला आल्या. कुणीतरी कागदाची होडीसुद्धा करून आणली.

ऋतुजा मगदूम तिथं पोचली तेव्हा त्या होडीला फुंकर घालत होते ते तिचेच वडील. भूपाल मगदूम मास्तर. गल्लीचे आप्पा. पंच्याहत्तरीला टेकले होते, पण होडी दिसली की धोतर सावरून उकिडवे बसायचे.

"ऋतू, हे बघ," ते ओरडले. "तुझ्या रस्त्याचं पोट भरलं वाटतं!"

सगळे खो खो हसले. ऋतुजाही हसली. नगरपालिकेची रस्ते अभियंता म्हटल्यावर हसणं भागच होतं. पण डबकं नेमकं कुठं साचलंय ते तिनं लांबूनच ओळखलं होतं. का साचलंय, हेही.

आता हे पाणी पिणारं काँक्रीट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ऋतुजानं ते ज्या तऱ्हेनं कुसुमाक्काला सांगितलं होतं, त्याच तऱ्हेनं सांगतो, कारण त्याहून सोपं मला येत नाही.

कुसुमाक्काची पिठाची गिरणी गल्लीच्या तळाला, त्या वळणाच्या खालच्या अंगाला. गिरणी जुनी. गेल्या कैक वर्षांत रस्ता डांबरावर डांबर चढत वर गेला आणि गिरणी होती तिथंच राहिली, त्यामुळे आता आत जायला पायऱ्या उतरून जावं लागायचं. मागच्या खोलीत अक्काचे यजमान, बापू, अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, बोलणं अडखळत, पण डोळे टकटकीत. पाच-सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं चढाच्या गल्लीतलं उघडं गटार बुजवायचं ठरवलं तेव्हा अख्ख्या गल्लीत एकटी अक्का आडवी उभी राहिली.

"गटार न्हाई तर पाणी जाणार कुठं? माझ्याच घरात की!"

ऋतुजा तिला समजवायला गिरणीत गेली. अक्का चुरमुऱ्याचे लाडू वळत होती. ऋतुजानं मांडी घातली आणि एक लाडू उचलला.

"अक्का, या लाडवावर पाणी ओतलं तर?"

"खालनं गळंल. आणि लाडू वाया जाईल. ठेव तो."

"का गळेल? चुरमुऱ्यांच्या मधे फटी आहेत म्हणून. तुम्ही यात पीठ घातलं असतंत तर फटी बुजल्या असत्या. साध्या काँक्रीटमधे वाळू असते ना, ती त्या पिठाचं काम करते. आम्ही वाळू जवळजवळ काढूनच टाकली. नुसती एकसारखी खडी, आणि ती एकमेकीला चिकटेल एवढाच सिमेंटचा पाक. शंभर भागांत वीस भाग नुसत्या फटी. आणि त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. वरून आलेलं पाणी खाली जातं, तिथून शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत."

"पाक पातळ झाला तर?" अक्कानं विचारलं. लाडू वळणाऱ्या बाईला हा प्रश्न पडणारच.

"तर तो खडीवरून ओघळून तळाला साचतो. खाली बूच बसतं. घट्ट झाला तर खडी सुटी होऊन रस्ता उखडतो. आणि जास्त दाबलं तर..."

"तर लाडवाचा गोळा हुतो. दात पडायचं काम."

"हां! फटी मिटतात. कमी दाबलं तर भुगा होतो. म्हणून पाणी नेमकं आणि दाब नेमका. सगळी गंमत एवढीच आहे."

ही गंमत माणसाच्या हातानं साधेना, म्हणून कितीतरी वर्षं असले रस्ते फसत आले होते. एक फेरी इकडंतिकडं झाली की रस्ता तरी फुटायचा, नाहीतर पाणी तरी अडायचं. मग कानसेन आला. कानसेन म्हणजे रस्ता दाबायचा रूळ, पण ऐकणारा रूळ. ओल्या थरावरून फिरता फिरता तो बारीक बारीक टिचक्या मारायचा आणि परत येणारा आवाज ऐकायचा. पोकळ थराचा आवाज वेगळा, भरीव थराचा वेगळा. त्यावरून आतल्या फटींचा हिशेब करून, दाब पुरेसा झाला की तो आपण होऊन थांबायचा. कानसेन आल्यावर गावंच्या गावं बदलली. तांबडगिरीत विहिरी चढल्या, टँकर बंद झाले, डास कमी झाले. रस्ताच पाणी पितोय तर गटारं कशाला, असं म्हणून गटारं बुजवली आणि मोठ्या नाल्यावर भाजीमंडई उभी राहिली. गावानं आपला सगळा भरवसा त्या बारीक फटींवर टाकला.

"पण वसरीपर्यंत पाणी आलं तर?" अक्का शेवटपर्यंत म्हणत होती.

ऋतुजानं तेव्हा तिचा हात हातात घेतला. पिठानं पांढरा झालेला हात. "आलं तर माझ्या दारात येऊन मला शिव्या घाला. मोजून नको, पोटभर घाला."

आणि वर आप्पा होतेच. मास्तरांनी अख्खी गल्ली शिकवलेली. मास्तर म्हणाले, बुजवूया, तर गल्ली म्हणाली, बुजवूया. अक्का तिसरीपर्यंत त्यांच्याच वर्गात होती. तिनंही मान हलवली.

आता ते डबकं.

चढाच्या गल्लीचं काम वरून खाली होत आलं होतं. सगळ्यात शेवटचा तुकडा राहिला तो तळाचा, वळणापाशीचा. तुकडा छोटा, पण त्याचं काम मोठं. त्याच्या पोटात गल्लीतला सगळ्यात मोठा शोषखड्डा होता. वरच्या रस्त्याला झेपलं नाही ते सगळं पाणी शेवटी इथं गिळलं जाणार, अशी योजना. म्हणून हा तुकडा झाला की काम पुरं, आणि काम पुरं म्हणजे समारंभ आलाच.

तांबडगिरीत एक रीत आहे. नवा रस्ता झाला की रुळाला हार घालायचा, पुढं नारळ फोडायचा आणि गल्लीतल्या सगळ्यात मानाच्या माणसाला फेटा बांधून रुळावर बसवायचं. तो एक फेरी मारतो. तिला मानाची फेरी म्हणतात. डांबराच्या जमान्यापासून चालत आलेली. डांबराला एका फेरीनं काय होणार? उलट बरंच.

गेल्या माघात, त्या शेवटच्या तुकड्याला, मान अर्थातच आप्पांचा. माल गाडीतून उतरायला तयार, आणि नगराध्यक्षांचा पत्ता नाही. येतायत, निघालेत, वाटेत आहेत. मालाचं म्हणाल तर हे काँक्रीट फार लवकर सुकतं. त्यात पाणीच कमी, आणि प्रत्येक खड्याला चारी बाजूंनी वारा. ऊन चढलं तसा पाक आळायला लागला. ऋतुजाच्या हाताखालचा अभियंता, इम्तियाज मुल्ला, म्हणाला, "मॅडम, आत्ता टाकूया. नाहीतर हा माल परत पाठवूया."

माल परत पाठवायचा म्हणजे समारंभ मोडायचा. फेटा बांधून आप्पा खुर्चीत बसलेले. गुलालाचं ताट तयार. ऋतुजा म्हणाली, "थोडं पाणी मारा. एवढ्यानं काही होत नाही."

पाणी मारलं. माल पुन्हा चमकायला लागला. नगराध्यक्ष आले, माल पडला, कानसेन फिरला आणि बरोबर जिथं थांबायचं तिथं थांबला. मग आप्पांना वर चढवलं. कानसेन हलेना.

"थर पूर्ण झाला आहे," त्याच्या स्पीकरमधून शांत आवाज आला. "पुढची फेरी करू नये."

लोक हसले. "अरे, यंत्र मास्तरांचं ऐकेना!" कुणीतरी म्हणालं. आप्पा वर बसून हसत होते, पण त्यांचे कान लाल झालेले ऋतुजाला दिसले. तिची आई गेल्यापासून घरात ती आणि आप्पा दोघंच. त्या माणसाचा चेहरा तिला पाठ होता. एवढ्या लोकांत त्यांना रुळावरून खाली उतरवायचं? ती पुढं झाली. अभियंत्याचा अंगठा लागला की कानसेनला ऐकावंच लागतं. तिनं अंगठा टेकवला.

एक फेरी झाली. फोटो हलला म्हणून दुसरी झाली. दुसरीत नगराध्यक्षांचं तोंड आलं नाही म्हणून तिसरी. कानसेन दर फेरीला तेच सांगत राहिला आणि ढोलताशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ऋतुजाला गेलं.

डबक्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आणि इम्तियाजनं तिथं लोखंडी कडं ठेवून कडेनं पुट्टी लावली आणि पाणी ओतलं. वरच्या रस्त्यावर असं ओतलेलं पाणी बघता बघता गडप होतं. इथं ते कड्यात बसून राहिलं, आभाळ दाखवत. मग त्यांनी मशीननं रस्त्यातून एक गोल तुकडा कापून काढला, बाटलीएवढा. इम्तियाजनं तो उचलला आणि तिच्या हातात दिला.

तुकडा जड होता. वरचा बोटभर थर गुळगुळीत, फेऱ्यांनी चेपलेला. मधे फटी होत्या, चांगल्या होत्या. आणि तळाला पुन्हा करडा, सपाट, बंद. वर मारलेलं पाणी पाक घेऊन ओघळलं होतं आणि तिथं बसलं होतं. खालून बूच, वरून झाकण. गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या शोषखड्ड्यावर.

"पावसाळा निघाला तसा," इम्तियाज म्हणाला. "यंदा रिमझिमच होता. पण परतीचा पाऊस असा येत नाही, मॅडम. फोडूया."

"वरून प्रेशरनं धुऊन बघू. व्हॅक्युम लावू."

"वरचं निघेल. तळाचं काय करणार?"

ऋतुजाला ते कळत नव्हतं असं नाही. तिचा जीव दुसरीकडं अडकला होता. आठवड्यावर आप्पांचा पंच्याहत्तरीचा सत्कार आला होता. गल्लीनं ठरवला होता, आणि जागाही गल्लीनंच ठरवली होती. त्याच वळणावर, त्याच तुकड्यावर, जिथं मास्तरांनी मानाची फेरी मारली तिथं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. रस्ता फोडायचा तर कारण सांगायला हवं. कारण सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर होणार: मास्तर रुळावर बसले आणि रस्ता बुजला. लोक हसणार. वाईट हेतूनं नव्हे, सहज हसणार, जसे त्या दिवशी हसले. आणि आप्पा पुन्हा तसेच कान लाल करून बसणार. या वयात!

"सत्कार होऊ दे," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावू. मी स्वतः उभी राहते."

"निदान अक्कांना सांगूया?"

"अक्कांना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं."

ते खरंच होतं. गिरणीत दळण टाकायला अख्खी गल्ली यायची आणि जाताना पिठाबरोबर बातमी घेऊन जायची. इम्तियाजनं खांदे उडवले. तिची सही चालते, त्याची नाही.

वरून धुऊन घेतल्यावर डबकं थोडं लवकर आटायला लागलं. ऋतुजानं त्यावर समाधान मानलं. हवामानवाले आठवडा कोरडा सांगत होते, त्यावरही मानलं. माणसानं मानायचं ठरवलं की तो कशावरही मानतो. त्या आठवड्यात ती गिरणीवरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मान खाली घालून फोनवर बोलल्यासारखं केलं.

"अगं ए ऋतू!" अक्कानं एकदा हाक मारलीच. "आप्पांच्या सत्काराला लाडू माझे बरं का! चुरमुऱ्याचे. तुझ्या रस्त्यासारखे!"

सत्काराच्या दिवशी दुपारी वळणावर मांडव घातला. खुर्च्या, सतरंज्या, स्पीकर. पुढच्या रांगेत कुसुमाक्का, इरकल नेसून, मांडीवर लाडवांचा डबा. बापूंना खाऊपिऊ घालून, टीव्ही लावून देऊन आली होती. "आज तासभर सुट्टी," ती शेजारणीला सांगत होती. "किती वर्षांनी अशी निवांत बसले बघ."

भाषणं सुरू झाली आणि वर डोंगराकडून आभाळ काळं होत आलं. कुणाला फिकीर नव्हती. वर मांडव, खाली पाणी पिणारा रस्ता. पाऊस आला तो असा, की मांडवाच्या कापडावर दगड पडल्यासारखा आवाज व्हायला लागला. स्पीकर मोठा केला. आप्पा सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले.

ऋतुजा स्टेजच्या बाजूला शाल-श्रीफळाचं ताट धरून उभी होती. तिथून तिला चढ दिसत होता. वरचा रस्ता पाणी पीत होता, पीत होता, आणि मग त्याचं पोट भरलं. चढावरून पाण्याचा एक पातळ पदर सरकत खाली आला. तो तुकड्याशी येऊन थांबायला हवा होता. गिळला जायला हवा होता. तो थांबला नाही. खुर्च्यांच्या पायांमधून वाट काढत तो पुढं गेला, वळणाकडं, उताराकडं.

लोकांनी पाय वर घेतले. बायकांनी निऱ्या सावरल्या. आप्पांनी हात वर केला.

"घाबरू नका! हा आपला रस्ता आहे. पाच मिनिटं द्या त्याला, सगळं पिऊन टाकेल!"

टाळ्या पडल्या. नगराध्यक्ष शाल उलगडत पुढं झाले. आत्ता ओरडायला हवं, ऋतुजाला कळत होतं. शाल एवढी घालून होऊ दे, तिच्या मनात आलं. एवढी शाल. फोटोवाल्यानं थांबायला सांगितलं. शालीचं एक टोक सरकलं, ते नीट केलं. पुन्हा फोटो.

मग ती ताट ठेवून अक्काकडं धावली.

"अक्का, घरी चला. आत्ता."

"का गं? लाडू वाटायचेत."

"पाणी खाली चाललंय. तुमच्याकडं."

अक्का हसली. खरंच हसली. "अगं, तूच सांगितलंस ना मला? रस्ता पाणी पितो म्हणून. बस जरा शांत. लेकीला बापाच्या सत्काराचा ताण आलाय बघा," ती शेजारणीला म्हणाली.

ऋतुजानं स्टेजवर चढून आप्पांच्या हातातला माइक हिसकावला. "हा तुकडा बंद आहे! पाणी जात नाहीये! बापूमामा आत आहेत, कुणीतरी चला!"

अर्धं पावसात विरलं. पण अक्कानं तिचा चेहरा पाहिला. तिच्या मांडीवरचा डबा खाली पडला, लाडू पाण्यात तरंगत निघाले आणि ती अनवाणी पळत सुटली.

गिरणीच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. इम्तियाजनं खांबावरून वीज तोडली. दार आतल्या बाजूला उघडणारं, पण आत पाण्यात पोती येऊन त्यामागं अडकली होती. चौघांनी खांदे लावले तेव्हा कुठं ते सरकलं. मागच्या खोलीत पाणी कॉटच्या वर गेलं होतं. बापूंनी चांगल्या हातानं खिडकीचा गज धरून ठेवला होता आणि तोंड वर काढून ठेवलं होतं. किती वेळ, ते त्यांनाच ठाऊक. बाहेर आणलं तेव्हा ते थडथडत होते. आप्पा पावसात उभे होते. त्यांनी अंगावरची सत्काराची शाल काढली आणि बापूंना गुंडाळली. कडेचं कागदी लेबल तसंच लोंबत होतं.

बापू दवाखान्यात तीन दिवस काढून गेले. छातीत पाणी गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

गाव हळहळलं. ढगफुटीच होती, असं नगराध्यक्ष म्हणाले आणि गावही तेच म्हणालं. एवढ्या पावसापुढं कुणाचं काय चालतं? माइकवर ऋतुजा काय ओरडली ते पावसात कुणाला नीट कळलं नव्हतं. पोरगी घाबरली, पण वेळेवर धावली, असंच लोक सांगत होते. दोघा-चौघांनी तर तिच्या धीराचं कौतुक केलं. इम्तियाज गप्प होता. तो तिच्याकडं बघतही नव्हता. ऋतुजानं ठरवलं असतं तर ती गोष्ट तिथंच संपली असती. ती रोज सकाळी उठायची, सांगू का, असं स्वतःला विचारायची आणि रोज रात्री न सांगता झोपायची. आप्पा जेवताना बापूंच्या लहानपणच्या गोष्टी काढायचे आणि मधेच घास ताटात ठेवून द्यायचे.

बापूंचे दिवस झाल्यावर एका सकाळी दारात कुसुमाक्का उभी राहिली. कपाळ मोकळं. हातात पिशवी.

ऋतुजाला वाटलं, आली. शिव्या घालायला आली. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. ती दारात जाऊन अक्कासमोर उभी राहिली, शाळेत छडीसाठी हात पुढं करून पोरं उभी राहतात तशी.

अक्कानं पिशवीतून शाल काढून तिच्या हातात दिली. धुतलेली, इस्त्री केलेली, घडी घातलेली. "आप्पांची हाय. राहिली हुती माझ्याकडं."

"अक्का..."

"इम्तियाज येतो दळण घेऊन. पोरगं तोंडानं काय बोललं न्हाई. पण मी विचारलं, तर रडायलाच लागलं. ऋतू, तुला कधीपासनं ठाऊक हुतं?"

आत आप्पा पेपर वाचत बसले होते. पेपराचा आवाज थांबला. ऋतुजाला तो थांबलेला ऐकू आला. त्या दिवशी कळलं, असं म्हणता आलं असतं. अक्कानं ते मानलंही असतं, तिला मानायची सवय होती.

"सत्काराच्या आधीपासून," ऋतुजा म्हणाली. "आठवडाभर आधीपासून. मानाच्या फेरीनं तुकडा बंद झाला. माझ्या अंगठ्यानं झाला. माल सुकत होता, पाणीही मीच मारायला लावलं. फोडायला हवा होता. मी सत्कार होईपर्यंत थांबले."

"फोडायचं राहू दे." अक्काचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला नुसतं सांगितलं असतंस. मी रस्ता फोडा म्हणाले नसते गं. दारात दोन पोती टाकली असती. ह्यांना दोन दिवस वरच्या आळीला भावाकडं ठेवलं असतं. एवढंच की. एवढंच करायचं हुतं."

रस्ता, मशीन, नोटीस, आप्पांचा मान, सगळ्याचा ऋतुजानं विचार केला होता. दोन पोत्यांचा केला नव्हता.

"शिव्या घालायलाच आले हुते," अक्का म्हणाली. "तूच सांगितलं हुतंस ना. वाटंत सगळ्या आठवत आले. पण तोंडातच येईनात बघ."

आप्पा बाहेर आले. चष्मा कपाळावर तसाच. ऋतुजाला वाटलं, ते आपल्यावर ओरडतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"मला विचारलं असतंस," ते म्हणाले. "मी रुळावरून उतरलो असतो, ऋतू. हसत उतरलो असतो. मला एवढंच ओळखलंस?"

तिनं मान वर केली नाही. त्यांचे लाल झालेले कान तिनं पाहिले होते, जपले होते, त्यापायी एक माणूस घालवला होता. आणि आप्पा तर हसत उतरणार होते.

आप्पांनी शाल घेतली नाही. चपला पायात सरकवल्या, अक्काच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल कुसुम. सोडतो तुला."

दोघं चढ उतरायला लागली. वळणापाशी आल्यावर आप्पा थांबले. तो तुकडा अजून तसाच होता, गुळगुळीत, उन्हात चमकणारा. बघणाऱ्याला तो अख्ख्या गल्लीत सगळ्यात देखणा वाटला असता. आप्पांनी अक्काला कडेच्या मातीवरून पुढं जाऊ दिलं आणि स्वतःही तिच्यामागून मातीवरूनच गेले.

ऋतुजा दारात उभी राहिली, शाल हातात घेऊन. मग तिनं ती खुर्चीवर ठेवली, इम्तियाजला फोन लावला आणि मशीन घेऊन ये म्हणाली. आणि कारण काय लिहायचं, असं त्यानं विचारल्यावर तिनं ते त्याला अख्खं सांगितलं, माझं नाव पहिलं लिही म्हणाली, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.